तीन भाग जिन, एक भाग जावई

जिन आणि वोडका एका पेल्यात एकत्र करण्याच्या कामी सर्वांत मोठी अडचण कोणती, असे आज कोणी विचारले, तर मायक्रॉनसाहेब क्षणभरही न थांबता सांगतील की दोन्ही द्रव पाण्यासारखे दिसतात. ही अडचण कृतीत कोठेही लिहिलेली नव्हती. कृती लिहिणारी माणसे पुष्कळ गोष्टी गृहीत धरून चालतात. साहेबांनी मात्र कारखान्याच्या मापनकक्षात अडतीस वर्षे काढली होती, ती काहीही गृहीत न धरण्याच्या बळावर. मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून ते कामगारांशी हुज्जत घालत, म्हणून कामगारांनी त्यांना हे नाव ठेवले. ते प्रेमापोटी ठेवले आहे, असा समज कारखान्यात फक्त त्यांचा एकट्याचा होता.

प्रकरण सुरू झाले ते लेकीच्या फोनवरून. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे जेवायला येतो, एवढे सांगून तिने फोन ठेवायला हवा होता. पण ती घुटमळली.

"बाबा, एक सांगू? रागावू नका. याला वाटतं की तुम्हाला तो आवडत नाही."

"कोण म्हणतं?"

"तोच म्हणतो. तीन वर्षं झाली लग्नाला. तुम्ही त्याला 'काय डॉक्टर, कसं काय' म्हणता, तो 'छान' म्हणतो, की संपलं. मग तुम्ही दोघं टीव्ही बघता. तोही बंद असतो कधीकधी."

साहेबांना हे लागले. जावई त्यांना मनापासून आवडत असे. दातांचा डॉक्टर, वेळेवर येणारा, चपला भिंतीला समांतर काढून ठेवणारा. असा मनुष्य न आवडायला काय झाले? पण आवडते हे सांगायचे कोणत्या उपकरणाने, हे त्यांना कधी कळले नव्हते. बायकोला सांगितले होते एकदा, तेही लेखी.

"त्याला काय आवडतं?" त्यांनी कागद पुढे ओढून विचारले.

लेकीने आठवून सांगितले, की मागे एका समारंभात त्याने जिन आणि वोडका दोन्ही घातलेले एक जुन्या पद्धतीचे पेय घेतले होते आणि घरी येईपर्यंत त्याबद्दल बोलत होता. साहेबांनी 'घरी येईपर्यंत बोलत होता' या शब्दांखाली रेघ मारली.

कृती सोपी होती. तीन भाग जिन, एक भाग वोडका, अर्धा भाग किंचित कडसर अशी पांढरी वाइन. बर्फावर थंड करून गाळायचे आणि वर लिंबाच्या सालीची एक पातळ पट्टी. साहेब स्वतः पीत नसत. त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हते. कोणी आग्रह केला नाही आणि दिवस निघून गेले, इतकेच. परंतु तीनास एकास अर्धा हे प्रमाण त्यांना पाहताक्षणी पटले. त्यात चिमूटभर, अंदाजे, चवीपुरते असा एकही बेजबाबदार शब्द नव्हता.

बुधवारी दुकानातून खोके आले आणि इमारतीच्या दारावरच्या वहीत नोंद करायची वेळ आली. इतर रहिवासी त्या वहीत 'सामान' असे लिहून मोकळे होतात. साहेबांनी लिहिले: जिन, काचेची बाटली एक, साडेसातशे मिलिलिटर, वोडका, तशीच एक, वाइन, तशीच एक, अल्कोहोलचे प्रमाण अनुक्रमे चाळीस, चाळीस व सतरा टक्के. खाली सही, तारीख, वेळ.

अर्ध्या तासात दारावरची घंटा वाजली. समितीच्या सचिवबाई उभ्या होत्या. हातात नियमावली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चेहऱ्यावर तो प्रसन्न भाव, जो त्यांच्या सज्ज्याची जाळी तीन मिलिमीटर बाहेर आल्याबद्दल साहेबांनी ती काढायला लावल्यापासून कोणी पाहिला नव्हता.

"नियम एकोणतीस," बाई म्हणाल्या. "कोणत्याही सदनिकेत एक लिटरपेक्षा जास्त ज्वलनशील द्रव ठेवायचा असेल तर अर्ज हवा. तुमच्याकडे दीड लिटर आहे. वाइन मी सोडून देते."

"अहो बाई, तो नियम रंगाच्या थिनरसाठी आहे."

"तसं कुठं लिहिलंय?"

तसे कोठेही लिहिलेले नव्हते. साहेबांना हे पक्के ठाऊक होते, कारण चार वर्षांपूर्वी रंगाऱ्याच्या डब्याने जिन्यात पेट घेतला तेव्हा नियम एकोणतीस त्यांनी स्वतःच लिहिला होता. 'थिनर' असे लिहा, ही सभेतली सूचना त्यांनीच फेटाळली होती. नियम द्रवाच्या नावावर नव्हे, गुणधर्मावर आधारलेला असावा, यावर ते वीस मिनिटे बोलले होते. लोक जेवायचे खोळंबले होते म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला.

"मी काही म्हणत नाही हो," बाई म्हणाल्या. "नियम तुमचा. मी आपली राबवते."

अर्जात पाच रकाने होते आणि पाचही साहेबांच्याच हाताने आखलेले. द्रवाचे नाव, प्रमाण, द्रव किती तापमानाला पेट घेतो, साठवणुकीचे प्रयोजन, आणि विल्हेवाटीची पद्धत. पहिले तीन त्यांनी कोष्टके पाहून भरले. प्रयोजनाच्या रकान्यात 'कौटुंबिक सलोखा' असे लिहिले. विल्हेवाटीपाशी ते बराच वेळ थांबले आणि अखेर प्रामाणिकपणे लिहून गेले: 'जावयामार्फत, शनिवारी सायंकाळी, टप्प्याटप्प्याने.'

अर्ज दुसऱ्या दिवशी शेऱ्यासह परत आला. जावई इमारतीचे रहिवासी नाहीत; बाहेरील व्यक्तीमार्फत विल्हेवाट लावायची असल्यास त्या व्यक्तीच्या पात्रतेचा पुरावा जोडावा. साहेबांनी लेकीला फोन करून डॉक्टरांच्या पदवीची प्रत मागवली.

"कशाला हवी आहे, बाबा?"

"एका अर्जाला जोडायची आहे."

"त्याला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. त्याला आश्चर्य वाटू दे."

ते त्याला वाटलेच असणार. सासऱ्याला आपल्या पदवीची शंका आहे असा अर्थ जावयाने त्यातून काढला आणि तो त्या दिवशी नेहमीपेक्षाही कमी बोलला, हे लेकीने आईला सांगितले. आईने ते साहेबांना सांगितले नाही. संसार इतकी वर्षे टिकतो तो अशाच न सांगितलेल्या गोष्टींवर.

परवानगी गुरुवारी संध्याकाळी मिळाली, नियम एकोणतीसच्या उपकलमांसह. द्रव काचेत ठेवू नये. झाकणाच्या, धातूच्या, आत न दिसणाऱ्या बाटल्यांत ठेवावा. प्रत्येक बाटली अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नसावी. प्रत्येकीवर चिठ्ठी असावी. जागा थंड असावी. साहेबांनी ॲल्युमिनियमच्या चार सारख्या बाटल्या आणल्या आणि नरसाळ्याने जिन दोन बाटल्यांत व वोडका दोन बाटल्यांत ओतली. एकेक काठोकाठ, एकेक अर्धी. चार चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून डिंकाने चिकटवल्या. थंड जागा म्हणून चारही बाटल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या. काचेच्या रिकाम्या बाटल्या त्याच संध्याकाळी धुऊन भंगारवाल्याला दिल्या. काम बिनचूक झाले होते. इतके बिनचूक, की ते लेखापरीक्षेला दाखवावे असे त्यांना वाटून गेले.

शुक्रवारी सकाळी बायकोने मटार काढण्यासाठी कप्पा उघडला.

"अहो, तुमच्या चिठ्ठ्या सुटल्यात."

"कुठल्या?"

"चारही. खाली पडल्या होत्या. मी उचलून नीट एकावर एक ठेवल्यात बघा."

डिंकाने गोठणबिंदूखाली काय करावे, याचा विचार साहेबांनी केला नव्हता. ते चार बाटल्यांपुढे उभे राहिले. दोन भरलेल्या, दोन अर्ध्या. भरलेल्यांपैकी एक जिन, एक वोडका. अर्ध्यांचेही तेच. रंग एकच, म्हणजे मुळात रंगच नाही.

साहेब डगमगले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना काचेचा घनतामापक भेट दिला होता; तो उंच नळीतल्या द्रवात तरंगत ठेवला की किती बुडतो यावरून द्रवातल्या अल्कोहोलचे प्रमाण कळते. त्यांनी चारही नमुने खोलीच्या तापमानाला आणले, मापक सोडला, डोळा द्रवाच्या पातळीला आणून वाचन घेतले आणि वहीत लिहिले. चाळीस. चाळीस. चाळीस. चाळीस. अडतीस वर्षांत चार वाचने इतकी तंतोतंत जुळल्याचे त्यांना आठवत नव्हते, आणि ती इतकी निरुपयोगी ठरल्याचेही.

"वास घेऊन बघा की," बायको म्हणाली.

कारखान्यात धातू कापताना सोडतात त्या तेलाच्या वाफेने साहेबांचे नाक केव्हाच निकामी केले होते. दूध करपले तरी त्यांना धूर पाहून कळत असे.

"मग चाखून बघा."

"चाखून काय होणार? मी आयुष्यात जिन चाखलेली नाही. ज्याची मूळ प्रत पाहिली नाही, त्याच्याशी नक्कल ताडून कशी पाहणार?"

"मग टाका सगळं आणि सरबत करा."

"तू घेतेस का वास?"

"मी या प्रकरणात नाही," बायको मटार वाडग्यात काढता काढता म्हणाली. "समितीच्या अर्जावर माझं नाव नाही."

शेवटी शनिवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या जहाजीकाकांना बोलवावे लागले. जहाजीकाका जहाजांवर वीजतंत्री होते, आणि ज्या बंदरात जहाज थांबले नाही तिथलीही दारू आपण प्यालो आहोत असे ते सांगत. वहीतली नोंद वाचल्यापासून ते बोलावण्याची वाट पाहत होते. आल्या आल्या त्यांनी पेय ढवळायचे नसते, घुसळायचे असते, तेही डाव्या खांद्यावर, असा सल्ला दिला. डावाच का, यावर ते म्हणाले की उजव्या खांद्याने जहाजाचा कठडा धरावा लागतो.

"बाटल्या ओळखणं म्हणजे काय," ते म्हणाले. "डोळे मिटून सांगतो. फक्त मला एकट्याला सोडा. बाजूला कोणी श्वास घेत असलं की वास फाटतो."

वास फाटतो हे साहेबांना शास्त्रीयदृष्ट्या पटले नाही, पण गरज त्यांची होती. ते बाहेर जाऊन बसले. काका वीस मिनिटे स्वयंपाकघरात होते. एकदा नळ सोडल्याचा आवाज आला. मग ते बाहेर आले. गाल लालसर, मुद्रा समाधानी. चारही बाटल्यांना चिठ्ठ्या रबराने पक्क्या बांधलेल्या होत्या.

"खात्री आहे ना?" साहेबांनी विचारले.

"साहेब," काका दाराची चौकट धरून म्हणाले, "मला माझ्या बायकोच्या वाढदिवसाची खात्री नाही. याची आहे."

संध्याकाळी सात वाजता लेक आणि जावई आले. जावयाने चपला भिंतीला समांतर काढल्या. साहेब म्हणाले, "काय डॉक्टर, कसं काय?" जावई म्हणाला, "छान." एवढ्यावर नेहमीचा साठा संपला. मायलेकी बाल्कनीत जाऊन बसल्या, आणि साहेबांनी इस्त्री केलेल्या रुमालावर ठेवलेला पेला पुढे आणला. प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने नव्वद मिलिलिटर, तीस मिलिलिटर, पंधरा मिलिलिटर. लिंबाची साल त्यांनी दाढीच्या नव्या पात्याने कापली होती आणि तिची जाडी तीन ठिकाणी मोजली होती.

जावयाने एक घोट घेतला. साहेब त्याच्याकडे, परीक्षेचा निकाल ज्या नजरेने पाहावा तसे, पाहत राहिले.

"छान आहे," जावई म्हणाला.

साहेबांच्या आत काहीतरी खचले. चार दिवस, एक अर्ज, पाच रकाने, पदवीची प्रत, आणि उत्तर तेच, जे चहाला मिळते, हवेला मिळते, बंद टीव्हीलाही मिळाले असते. ते समोरच्या खुर्चीत बसले. एरवी त्यांनी मान डोलावून विषय मिटवला असता. पण खोटे प्रमाणपत्र घेऊन गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि खोटा माल देऊन गप्प बसणे तर मुळीच नव्हते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हे छान आहे की नाही ते मला माहीत नाही. पण हे बरोबर आहे याची मला खात्री नाही. चिठ्ठ्या सुटल्या होत्या. कुठल्या बाटलीत काय आहे ते मला सांगता येत नाही. मी तुम्हाला काय पाजलं, मला ठाऊक नाही."

जावयाने पेल्याकडे पाहिले, मग सासऱ्याकडे. मग पेला अगदी हळू खाली ठेवला.

"खरं सांगू, बाबा?"

"सांगा."

"उलटं झालंय. जिन एक भाग आहे, वोडका तीन भाग. पहिल्याच घोटाला कळलं."

"मग छान का म्हणालात?"

"साल मोजून कापलेली दिसत होती हो," जावई म्हणाला. "चुकलंय असं कसं म्हणणार?"

साहेब उठले. रागावून नव्हे, त्यांच्या चेहऱ्यावर आशेचा एक किरण होता, जो तपासायला योग्य उपकरण सापडल्यावर येतो. "तुम्हाला जिभेनं कळतं? नक्की?"

"कळतं."

"असं नुसतं म्हणून चालणार नाही. या आत."

स्वयंपाकघरात त्यांनी औषधाच्या बारा छोट्या वाट्या मांडल्या, प्रत्येकीच्या बुडाला आकडा लिहिला, आणि चारही बाटल्यांतले नमुने तीन-तीनदा, क्रम मोडून भरले. तपासनीसाचीच आधी तपासणी करायची, हा मापनकक्षाचा रिवाज. तोच नमुना तीनदा दिला आणि तीनदा तेच उत्तर आले, तरच जीभ विश्वासार्ह. जावयाने बाह्या दुमडल्या. तो एकेक थेंब जिभेवर घेई, पाण्याने चूळ भरी, आणि वाटीचा आकडा न पाहता सांगे. साहेब वहीत टिपत. बारा वाट्या झाल्या. साहेबांनी वाट्या उलटून आकडे ताडले, आणि त्यांचे पेन थांबले. जीभ एकदाही स्वतःच्या विरोधात गेली नव्हती. भरलेल्या दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उलट होत्या. अर्ध्यांपैकी एक वोडका होती, आणि चौथीबद्दल जावयाने तिन्ही वेळा एकच वाक्य उच्चारले होते.

"जिन आहे, पण पाणी घातलंय."

"हे शक्य नाही," साहेब म्हणाले.

"घातलंय, बाबा."

"डॉक्टर, काल सकाळी मी स्वतः मोजलंय. चाळीस टक्के. ही बघा नोंद. सही आहे माझी."

"सही असू दे. आत्ता यात पाणी आहे."

"माझ्या घरात मापात पाणी? अडतीस वर्षांत माझ्या एका वाचनावर कोणी बोट ठेवलेलं नाही."

"मग मी ठेवतो. काल काय होतं ते मी बोलतच नाही. आजचं बोलतोय."

"वस्तू एका दिवसात बदलत नाही हो."

"बदलते की. दात एका दिवसात बदलतो, मी रोज बघतो."

आवाज चांगलेच वर गेले होते. बाल्कनीत लेक दचकून उठली. "आई, भांडताहेत ते."

"हो, ऐकू येतंय," आई म्हणाली. "बस खाली."

"अगं, पण बाबा चिडलेत."

"चिडलेत ना? माझ्यावर चिडतात, तुझ्यावर चिडतात. त्याच्यावर आज पहिल्यांदा. बस, म्हटलं ना. जेवण इतक्यात गरम करू नकोस."

आत जावई म्हणाला, "वाद कशाला? मोजा ना पुन्हा."

साहेबांनी नळी धुतली, चौथ्या बाटलीतला द्रव ओतला आणि मापक सोडला. मापक नेहमीच्या रेघेपाशी आला, किंचित हेलकावला आणि तिथेच न थांबता वर उचलला गेला. साहेब गुडघे टेकून डोळा पातळीला आणून बसले. शेजारी जावईही बसला. दोघांचे डोळे एकाच रेघेवर होते.

तीस.

साहेबांना दुपारचा नळाचा आवाज आठवला. मग काकांचे लालसर गाल. मग चौकट.

"जहाजीकाका," ते म्हणाले. "पाऊण पेला तरी प्याले असतील. आणि भर घातली नळाची."

"पाऊण नाही," जावई खाली वाकून बाटली हलवत म्हणाला. "दोन छोटे पेले. साठ मिलिलिटर."

साहेबांनी मनातल्या मनात त्रैराशिक मांडले. साडेबासष्ट. जिभेच्या मानाने बिनचूक. त्यांनी वही उघडली, कालच्या नोंदीखाली आजचे वाचन लिहिले, शेऱ्यात 'डॉक्टरांचे म्हणणे बरोबर. माझे चूक' असे लिहून सही केली, आणि पेन जावयापुढे धरले. "साक्षीदार म्हणून."

जावयाने सही केली. दवाखान्यात करतो तशी गिचमिड नव्हे. अक्षर अक्षर लावून. पेन परत देताना तो थांबला.

"बाबा, आता सगळं खरंच बोलायचं ठरलंय, तर एक विचारू?"

"विचारा."

"तुमची खालची उजवी दाढ. शेवटून दुसरी. साखरपुड्याच्या दिवसापासून बघतोय मी. तुम्ही त्या बाजूनं चावतच नाही. दरवेळी जेवताना मी तेच बघत बसतो, आणि मग बोलायला काही सुचतच नाही. सासऱ्यांना पहिल्याच भेटीत 'तोंड उघडा' कसं म्हणायचं? पहिल्या भेटीत म्हटलं नाही, मग दुसऱ्या भेटीत तर आणखीच अवघड झालं."

साहेबांनी गालावर हात ठेवला. ती दाढ दुखते हे त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते.

"तीन वर्षं?" ते म्हणाले.

"तीन वर्षं, दोन महिने. या इकडे, दिव्याखाली."

साहेब ओट्याला टेकून दिव्याखाली उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडले. जावयाने हात स्वच्छ धुतले, मोबाइलची बत्ती लावली, स्टीलचा लहान चमचा घेतला, त्याच्या पाठीने गाल बाजूला सारला आणि बोलायला सुरुवात केली. दाढ वाचेल म्हणाला. दाढेच्या मुळांवर उपचार करावा लागेल, तीन बैठका. मंगळवारी येता का, मीच घ्यायला येतो म्हणाला. त्यावरून त्याला आपल्या वडिलांची दाढ आठवली, ती त्याने स्वतःच कशी काढली ते आठवले, आणि महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षी मेणाचा दात कोरताना तो पाव मिलिमीटरने चुकल्याबद्दल शिक्षकांनी सगळ्या वर्गासमोर कसा मोडून टाकला, तेही. पाव मिलिमीटर, बाबा, असे तो दोनदा म्हणाला. मग दवाखान्यातल्या नव्या खुर्चीचे सांगितले, जी बारा अंश तिरकी बसते आणि कोणाला दुरुस्त करता येत नाही.

बारा अंश तिरकी खुर्ची म्हणजे पायाच्या पट्टीत दोष, हे साहेबांच्या अगदी जिभेवर आले होते. पण उत्तर द्यायचे तर चमचा बाहेर काढावा लागला असता, आणि चमचा निघाला की बोलणे थांबेल, अशी त्यांना भीती वाटली. म्हणून त्यांनी तोंड आणखी थोडे उघडले.